सर्जेराव वायफाय नीट करतो

एका गावात सर्जेराव नावाचा एक भोळा माणूस राहत होता. गावात भोळे तसे पुष्कळ होते, पण त्यांना शेतीवाडी असल्यामुळे ते सवडीनं भोळे असत. सर्जेराव बारमाही होता. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, त्यात इकडची काडी तिकडे करायचा नाही. लहानपणी मास्तरांनी त्याला "गप बस" म्हटलं होतं. शाळा सुटली, पोरं घरी गेली, तरी हा बसलेलाच. शेवटी कुलूप लावायच्या वेळी शिपायानं त्याला उचलून बाहेर ठेवला.

त्याचा दुसरा गुण म्हणजे तो ध्यानात ठेवायचा. एकदा चूक दाखवली की ती चूक तो जन्मात परत करायचा नाही. नवी करायचा.

सर्जेरावाला एक बहीण होती, स्वप्नाली. वडील लवकर गेले, तेव्हा आई त्याला म्हणाली होती, "सर्जा, पोरीला शाळेत सोडून ये." किती दिवस ते आईनं सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्यानं तिला दहावीपर्यंत रोज सोडलं. पोरगी हुशार निघाली, नर्स झाली आणि आयर्लंडला गेली. दोन वर्षं झाली, तिला यायला जमलं नव्हतं. सर्जेरावाचा बहिणीवर फार जीव होता आणि बहिणीचा त्याच्यावर.

अशात सर्जेरावाला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी अकराला ठरलं. बारशाला आत्या लागते. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, मग बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, मग आत्यानं ते नाव सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं. आणि आत्याला रजा मिळाली नव्हती.

गावात मोबाइलला रेंज नाही. रेंज फक्त टेकावर. सर्जेराव टेकावर गेला आणि आपल्या साध्या बटणांच्या मोबाइलवरून बहिणीला फोन लावला.

"दादा," स्वप्नाली म्हणाली, "आत्या मी एकटीच हाय. नाव मीच ठेवणार. नाव ठरवलंय, पण तुला सांगणार न्हाय. बाळाच्या कानातच सांगणार. तुज्या घरी कॉम्प्युटर हाय न्हवं? त्याच्यावर मला बोलव." एवढं बोलून ती रडायला लागली. सर्जेरावही रडला. रड असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी रडला.

आता कॉम्प्युटर होता. सर्जेराव दूध डेअरीत कॅन धुवायला होता आणि डेअरीनं नवा कॉम्प्युटर घेतल्यावर जुना त्याच्याकडे आला होता. तो माजघरात, पाळण्याशेजारी मांडला होता. एक स्क्रीन, एक जड खोकं आणि खोक्याच्या मागं वायफाय पकडायला बोटाच्या पेराएवढा डोंगल. राउटर बाहेर सोप्यात होता. मध्ये भिंत. नेट मांजरासारखं होतं. मनात आलं तर यायचं, बोलावलं तर जायचं.

मंगळवारी त्यांनी स्वप्नालीला लावून बघितलं. ती "वैनी, बाळ" एवढं म्हणाली आणि तोंड उघडं ठेवून जी थांबली ती थांबलीच.

"आवं," सर्जेरावाची बायको वैजयंता म्हणाली, "बारशाला असं झालं तर? नाव अर्धंच यील."

"आन् अर्ध्या नावाच्या पोरीला करून कोण घेईल?" आई म्हणाली. "त्यापरीस आपली कमल हाय. तिला बोलवू."

वैजयंतानं पोरीला छातीशी धरलं. कमल म्हणजे भावकीतली चुलत आत्या. तिनं आजवर गावातल्या नऊ पोरींची नावं ठेवली होती. नऊच्या नऊ पिंकी.

"मला पिंकी नगं," वैजयंता म्हणाली. "वन्संनी ठरवलेलं नाव पायजे. तुम्ही जावा, नेटवाल्या दिलीपला इचारून या."

सर्जेराव सायकल काढून फाट्यावर गेला. दिलीपचं दुकान तिथं होतं. गावात नेटच्या वायरी त्यानंच टाकल्या होत्या.

दिलीप म्हणाला, "राउटर खाली ठिवला असंल तुम्ही. खाली ठिवायचा न्हाय. उंच ठिवायचा. जेवढा उंच, तेवढं नेट लांब जातंय."

"यात काय अवघड हाय?" सर्जेराव म्हणाला. आणि विसरू नये म्हणून 'जेवढा उंच, तेवढं लांब' असं पुटपुटत घरी आला.

घरात उंच काय होतं? फळी होती. पण फळीपेक्षा माळा उंच होता. माळ्यापेक्षा कौलं उंच. कौलांपेक्षा परड्यातला लिंब उंच. सर्जेरावानं वायरीला वायर जोडली, राउटर दातात धरला, लिंबावर चढला आणि शेंड्याला बांधून खाली आला.

नेट खरंच लांब गेलं. पार वरच्या आळीत गेलं. वरच्या आळीची माणसं मोबाइल घेऊन अंगणात येऊन बसली आणि सर्जेरावाचं नाव काढू लागली. लिंबाच्या बुंध्याशी, म्हणजे सर्जेरावाच्या घरात, मात्र काडीचंही नेट नव्हतं. दुपारी एका कावळ्यानं राउटरवर घरटं करायला घेतलं.

वैजयंतानं कपाळावर हात मारला. "आवं, झाडाव कशाला? चांगली वस्तू अशी उघड्याव टाकत्यात व्हय? ऊन हाय, धूळ हाय, कावळं हायती. चांगली वस्तू कशी, फडक्यात गुंडाळून पेटीत बंद ठिवायची असती."

"आदी सांगायचं," सर्जेराव म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि सर्जेराव ध्यानात ठेवणारा माणूस होता. बुधवारी त्यानं राउटर झाडावरून उतरवला. फडक्यानं पुसला. वैजयंताच्या लग्नातल्या शालूत गुंडाळला. लोखंडी ट्रंकेत ठेवला. वायर बाहेर राहिली म्हणून ट्रंकेच्या पत्र्याला खिळ्यानं भोक पाडलं. मग झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

तासाभरानं माजघरातून वैजयंता म्हणाली, "काय तरी जळतंय का?"

"न्हाय," सर्जेराव म्हणाला, "नेट हाय. कुलपात हाय."

शालूला भाकरीएवढं भोक पडलं. बाळंतपणात रडू नये म्हणतात, म्हणून वैजयंता रडली नाही. तिनं फक्त बोट फाट्याच्या दिशेला केलं.

सर्जेराव सायकल काढून फाट्यावर गेला.

दिलीप म्हणाला, "अहो, असं बंद कशाला करायचं? आधीच ते यंत्र. गरम होतंय. त्याची एक रीत असती. गरम झालं की बंद करायचं. तीसपर्यंत आकडे मोजायचे. मग परत चालू करायचं. निम्मी दुखणी तिथंच बरी होत्यात."

"यात काय अवघड हाय?" सर्जेराव म्हणाला. आणि 'गरम झालं की बंद, तीस आकडे, मग चालू' असं म्हणत घरी आला.

घरी येऊन त्यानं राउटरला हात लावून पाहिलं. ट्रंकेतून काढल्यापासून तो गार पडला होता. सर्जेराव वाट बघत बसला. गुरुवारची सकाळ झाली तरी राउटर गारच. पण परड्यात बंब मात्र चांगला गरम झाला होता.

आता बंब पेटला होता बाळंतिणीच्या अंघोळीसाठी. वैजयंता अंगाला तेल चोळून न्हाणीत पाटावर बसली होती. सर्जेरावानं बंबाला हात लावला. हात भाजला. त्यानं लगेच बादलीभर पाणी जाळावर ओतलं आणि मोजायला लागला.

न्हाणीतून वैजयंता म्हणाली, "आवं, पाणी तापलं का?"

"तापलं हुतं. बंद केलंय. एकोणीस झालेत."

तीस झाल्यावर त्यानं ओली लाकडं परत पेटवली. अर्ध्या तासानं बंब गरम झाला. त्यानं परत पाणी ओतलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळेला त्याच्या लक्षात आलं की बायकोच्या खाटेखालची शेगडीसुद्धा गरमच आहे. तीही विझवली. मग दोन्हींचे आकडे एकदम मोजता येईनात म्हणून आधी बंबाचे मोजले आणि मग शेगडीचे.

दुपारी बारा वाजता वैजयंता अंगाचं तेल पुसून, अंघोळीवाचून, दात वाजवत येऊन खाटेवर पडली. सर्जेरावाची आई आता मात्र चिडली.

"सर्जा, बाळंतिणीला मारतोस का? तिला ऊब लागती. गारठा लागला तर आवाज बसतोय, अंग धरतंय, माणूस जागचं हलत न्हाय. बाळंतिणीच्या कानाला फडकं बांधायचं, खाली शेगडी ठिवायची आन् ओव्याची धुरी द्यायची. एवढं कळत न्हाय व्हय तुला?"

"आता कळलं," सर्जेराव म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

त्यानं ध्यानात ठेवलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी पुन्हा स्वप्नालीला लावून बघितलं. तिचा आवाज आला, पण बसका, तुटका. चित्र आलं, पण जागचं हलेना.

सर्जेराव खाटेवरच्या बायकोकडे बघून म्हणाला, "गारठा लागलाय."

"मला?"

"न्हाय, ह्याला."

वैजयंताला डुलकी लागली आणि सर्जेराव कामाला लागला. राउटरला दोन कान होते. दोन्हींना त्यानं बाळाची दुपटी घट्ट बांधली. टेबलाखाली रसरशीत शेगडी ठेवली. शेगडीत मूठभर ओवा टाकला. मग वर एक घोंगडी पांघरली, कॉम्प्युटर, राउटर आणि स्वतः, सगळ्यांवर मिळून. राउटरला त्यासाठी सोप्यातून आत आणला होता, वायर ताणून ताणून. घोंगडीच्या आत सर्जेराव मायेनं त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसला.

धूर कौलांतून बाहेर पडला तेव्हा शेजारचे लोक घागरी घेऊन धावले. आत गेले तर खोकताखोकता सर्जेराव म्हणाला, "पाणी ओतू नका. बाळंतपणात गार चालत न्हाय."

राउटरचे कान वितळून खाली लोंबत होते.

या वेळी वैजयंतानं बोट दाखवलं नाही. शेजाऱ्यानंच जाऊन दिलीपला गाडीवर घालून आणला. दिलीपनं शेगडी पाहिली, दुपटी पाहिली, घोंगडी पाहिली. स्वतःच्या दुकानातला एक राउटर सोप्यात बसवला, कॉम्प्युटर पुसून चालू केला आणि सर्जेरावाला समोर बसवलं.

"दादा, आता नीट ऐका. ह्या राउटरला हात लावायचा न्हाय. हाय तिथनं हलवायचा न्हाय."

"न्हाय हलवत."

"त्या कॉम्प्युटरलाबी हात लावायचा न्हाय. त्योबी हलवायचा न्हाय."

"न्हाय हलवत. मग नेट यील?"

दिलीपनं राउटरकडे पाहिलं, मग आत माजघराकडे पाहिलं. "जेवढं येतंय तेवढं यील. खरं सांगायचं तर तुमचं दुखणं ही मधली भिंत हाय. चांगली दोन हात जाड हाय. ही मधी नसती, तर नेटला बघायला नगं हुतं." असं म्हणून तो चहा न घेता गेला.

सर्जेराव रात्रभर शांत झोपला. त्याला सगळं उमगलं होतं. राउटर हलवायचा नाही. कॉम्प्युटर हलवायचा नाही. मग हलवायला उरलं काय?

शनिवारी सकाळी वैजयंता पोरीला घेऊन परड्यात कोवळ्या उन्हात बसली. आई घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घालत होती. सर्जेरावानं डेअरीतनं पहार आणली.

पहिल्या घावाला वैजयंताला वाटलं, शेजारी कुणी खुंटी ठोकतंय. दुसऱ्या घावाला तिला वाटलं, दोन खुंट्या असतील. मग धडधड मातीचा लोट परड्यात आला आणि त्या लोटातून सर्जेराव आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा.

"झालं," तो म्हणाला. "आता एकमेकांस्नी दिसत्यात."

वैजयंता आत गेली. माजघर आणि सोपा एक झाले होते. रस्त्यावरून जाणारा माणूस पाळण्यापर्यंत बघू शकत होता आणि दोघेतिघे थांबून बघतही होते. एका कोपऱ्यात कॉम्प्युटर, समोर राउटर, दोन्ही जागच्या जागी. धुळीचा एक कण त्यांच्यावर नव्हता, कारण सर्जेरावानं आधी त्यांच्यावर चादर घातली होती आणि मग भिंत पाडली होती.

"आवं," वैजयंता म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता. "भिंत पाडायच्या आदी कुणाला इचारलं?"

"कुणाला न्हाय."

"इचारायचं असतं. कुठल्याबी गोष्टीला हात लावायच्या आदी घरातल्या मोठ्या माणसांस्नी इचारायचं असतं."

"हे बरं सांगितलंस," सर्जेराव म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आता खरं सांगायला हवं. नेट झकास आलं. इतकं आलं की त्यांनी लावून बघितलं तर आयर्लंडमधल्या स्वप्नालीच्या खिडकीबाहेरचा पाऊससुद्धा मोजता येत होता. स्वप्नालीनं पोरीला डोळे भरून पाहिलं. "दादा," ती म्हणाली, "तू केलंस रे." सर्जेरावाची छाती फुगली. वैजयंतानंही तोंडातले शब्द गिळले. भिंत परत बांधता येते, आत्या परत मिळत नाही, असं तिनं मनाला समजावलं.

"वैनी, तुमच्यामागं रस्ता कसा काय दिसतोय?" स्वप्नालीनं विचारलं.

"उद्या सांगते, वन्सं," वैजयंता म्हणाली.

रविवार उजाडला. घर बायकांनी भरलं. भिंत नसल्यामुळे दुप्पट बायका मावल्या. पाळण्याला फुलं बांधली. कमलही आली होती, नवी साडी नेसून, अगदी पहिल्या रांगेत. म्हणाली, "मी आपली बसते. नेटचा काय भरवसा? येळ आली तर हाय मी." तिच्या नऊ पिंक्यांपैकी चार सोबत होत्या.

आईनं सगळ्या बायकांना रीत समजावून सांगितली. सर्जेराव कॉम्प्युटरपाशी उभा होता, त्यानंही ऐकली.

"नाव आदी बाळाच्या कानात. दुसऱ्या कुणाच्याबी कानात ते आदी पडता कामा नये, अपशकुन असतोय. आत्यानं कानात नाव सांगितलं, की आत्याच्या पाठीत धपाटा घालायचा. चांगला जोरात घालायचा. मग आत्या मोठ्यांदा नाव सांगती."

बरोबर अकराला कॉम्प्युटर वाजायला लागला. स्वप्नालीचा कॉल आला होता. एक बटण दाबायचं की झालं. सर्जेरावानं बोट पुढं केलं आणि थांबला. हात लावायच्या आधी मोठ्या माणसांना विचारायचं.

तो आईकडे वळला. "आई, उचलू?"

"उचल की."

तो म्हाताऱ्या मावशीकडे गेला. "मावशी, उचलू?"

"काय उचलतोस रं?"

तो तिसऱ्या म्हातारीकडे गेला. ती बहिरी होती. तिला समजावता समजावता कॉल वाजून वाजून बंद पडला. कमल पदर सावरून उठली. पण स्वप्नालीनं पुन्हा लावला आणि वैजयंतानं खाटेवरून हात लांबवून स्वतःच बटण दाबलं.

स्क्रीनवर स्वप्नाली आली. पहाटे उठून तिनं नऊवारी नेसली होती, नथ घातली होती. अर्ध्या तासात तिला ड्यूटीवर जायचं होतं. चित्र आरशासारखं स्वच्छ. आवाज जवळ बसल्यासारखा. आईनं स्क्रीनला कुंकू लावलं. घरातल्या प्रत्येक बाईचे डोळे ओले झाले.

दिलीपनं बारशाची भेट म्हणून एक हेडफोन पाठवला होता. वैजयंतानं तो कॉम्प्युटरला जोडला आणि हलकेच पोरीच्या कानाशी धरला. आता आत्याचा आवाज फक्त बाळाला ऐकू येणार होता, बाकी घरात कुणाला नाही. अगदी रीतीप्रमाणे.

स्वप्नालीनं लाजून तोंडापुढं पदर धरला आणि ती पुढं वाकली. पोरीनं डोळे मोठे केले. मग बोळकं पसरून हसली. स्वप्नाली पदर खाली करून सरळ बसली. नाव पडलं होतं.

आता वैजयंतानं हेडफोन काढायचा होता आणि आत्यानं सगळ्यांना नाव मोठ्यानं सांगायचं होतं. बायका कान टवकारून बसल्या. पण त्याआधी रीतीतली एक गोष्ट राहिली होती. ती कुणाच्याही लक्षात नव्हती. सर्जेरावाच्या होती.

आत्या कुठं आहे? काचेत आहे. तोंड काचेच्या पुढं आहे. मग पाठ कुठं असणार?

सर्जेराव स्क्रीनच्या मागं गेला. दोन वर्षांत त्यानं बहिणीला जवळून पाहिलं नव्हतं, लाडानं एक टपली मारली नव्हती. दोन वर्षांची माया त्यानं उजव्या हातात गोळा केली. आई 'जोरात घालायचा' म्हणाली होती. त्यानं जोरात घातला.

स्क्रीन तोंडावर पडली. पडताना तिनं वायरीनं खोकं ओढलं. खोकं पाठीवर आपटलं आणि त्याच्या पाठीला असलेला डोंगल खालच्या फरशीवर मोडला. काचेचे तुकडे घरंगळत पार रस्त्यापर्यंत गेले, कारण मध्ये भिंत नव्हती.

पोरगी तेवढी अजून हसत होती.

"नाव काय ठेवलं?" बहिऱ्या म्हातारीनं विचारलं. कुणीच उत्तर देईना, तेव्हा तिला वाटलं, आपल्याला ऐकू आलं नाही.

कमल म्हणाली, "पिंकी चांगलं हाय की."

नेट अजून होतं, पण नेटचे मोबाइल पुरुषांकडे होते आणि पुरुष रानात गेले होते. "टेकाव जावा," वैजयंता सर्जेरावाला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. वन्सं ड्यूटीवर जायच्या आदी. त्यांस्नी फोन लावा आन् पोरीचं नाव इचारून या. एवढं एक काम नीट करा. मी हात जोडते."

तिचे डोळे भरले होते. सर्जेरावाला ते बघवेना. तो चप्पल न घालता पळत सुटला. टेकावर चढला. रेंज आली. फोन लागला. खाली घरात सगळ्या बायका घुगऱ्यांना हात न लावता बसून राहिल्या. नाव कळल्याशिवाय पाळणा हलवायचा कसा?

तासाभरानं सर्जेराव परत आला. घामानं निथळत होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

"लागला फोन?" वैजयंतानं विचारलं.

"लागला."

"वन्सं भेटल्या?"

"भेटली. दवाखान्याच्या दारातच हुती. लई खूश हुती. म्हणाली, दादा, स्क्रीन बंद झाली तरी चालंल, बाळानं ऐकलंय."

"आन् नाव सांगितलं?"

"सांगायलाच लागली हुती," सर्जेराव म्हणाला. "माझ्या कानात. मी लगीच फोन बंद केला. आई म्हणालीया, दुसऱ्या कुणाच्या कानात पडता कामा नये. नशीब, येळेत ध्यानात आलं."

आई मटकन खाली बसली. "आरं, पडलं की नाव बाळाच्या कानात. मग आता कुणाच्याबी कानात पडंना. जा, परत लाव फोन."

"लावला की मीच परत, फोन का बंद केला ते सांगायला. पर ड्यूटीवर ती फोन कपाटात ठिवती. आता बारा तास लागणार न्हाय."

कमल उठली आणि पाळण्याकडे निघाली. वैजयंता खाटेवरून अर्धी उतरली. आयुष्यात पहिल्यांदाच सर्जेराव न सांगता मध्ये आडवा झाला. त्यानं पाळण्यापुढं दोन्ही हात पसरले.

"पिंकी न्हाय," तो म्हणाला. "हिच्या आत्यानं ठिवलेलं नाव हाय हिला. माझ्या बहिणीनं ठिवलंय. तेच राहणार."

बायकांना भडभडून आलं. वैजयंतानं सात जन्मांचं त्याला तिथल्या तिथं माफ केलं. "पर आवं," ती डोळे पुसत म्हणाली, "ते नाव आता आपल्याला सांगणार कोण?"

सर्जेरावाला तिच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं, पाळण्यावरची चादर जराशी बाजूला करून आत पाहिलं आणि हळूच म्हणाला, "जिला सांगितलंय ती घरातच हाय की. आत्ताच डोळा लागलाय. उठली की इचारू."